व्यवहारी अपूर्णांकाला दशांश रूप देताना: भागाकाराआधी छेद वाचावा

व्यवहारी अपूर्णांकातील आडवी रेघ ही भागाकाराची खूण आहे. ३/४ असे लिहिले की त्यात ‘३ ला ४ ने भागा’ एवढेच सांगितलेले असते, आणि तो भागाकार दशमान पद्धतीने पुरा केला की त्याच संख्येचे दशांश रूप, म्हणजे ०.७५, हाती येते. संख्या तीच राहते, फक्त ती लिहिण्याची पद्धत बदलते. एवढे मनात पक्के असले तर पुढच्या सगळ्या रीती एकाच मुळातून निघालेल्या दिसतात. नसले तर प्रत्येक प्रकारच्या उदाहरणासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो आणि गरजेच्या वेळी तो आठवत नाही.

बहुतेक विद्यार्थी उदाहरण समोर आले की लगेच भागाकार मांडतात. माझे मत असे आहे की सुरुवात त्याआधी, छेदाकडे नीट पाहण्यापासून करावी. भागाकार संपणार की नाही, संपणार असेल तर दशांश चिन्हानंतर किती अंक येणार, आणि संपणार नसेल तर कोणत्या स्थानापासून अंकांची पुनरावृत्ती सुरू होणार, हे सारे छेद आधीच सांगून ठेवतो. अट एकच आहे: अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असला पाहिजे, म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही भाग जाईल अशी १ खेरीज दुसरी संख्या उरता कामा नये.

पहिले काम: संक्षेप

अंश आणि छेद यांना ज्या ज्या संख्येने भाग जातो तिने दोघांनाही भागून घ्यावे. दोघांचा मसावि, म्हणजे दोघांनाही भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, ओळखता आला तर हे काम एका पायरीत होते. उदाहरणार्थ, २१/५६ मध्ये मसावि ७ आहे, म्हणून २१/५६ = ३/८. या पायरीने श्रम वाचतात हे खरेच, पण तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे. ५६ मध्ये ७ हा मूळ अवयव आहे, आणि ७ ने भागाकार संपत नाही अशी आपली सर्वसाधारण अपेक्षा असते. तो ७ अंशातील ७ बरोबर निघून गेल्यावर उरलेला छेद ८ मात्र सरळ संपणारा भागाकार देतो. ६/१५ चेही तसेच आहे. १५ कडे पाहून उत्तर आवर्ती, म्हणजे न संपता तेच अंक पुन्हा पुन्हा येणारे, येईल असे वाटते, पण संक्षेप केल्यावर २/५, म्हणजे ०.४ एवढे साधे उत्तर मिळते. संक्षेप न करता छेदावरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच भरवशाचा नसतो.

छेद १०, १००, १००० करता आला तर

दशांश रूपातील स्थाने दशांश, शतांश, सहस्रांश अशी चालतात, म्हणजे तेथे छेद नेहमी १० चा कोणता तरी घात असतो. त्यामुळे दिलेल्या अपूर्णांकाचा असा सममूल्य अपूर्णांक मिळाला, की ज्याचा छेद १०, १०० किंवा १००० आहे, तर भागाकार करण्याची गरजच उरत नाही. ११/२५ मध्ये अंश आणि छेद दोघांनाही ४ ने गुणले की ४४/१०० मिळते, म्हणून उत्तर ०.४४. ७/८ मध्ये दोघांना १२५ ने गुणले की ८७५/१०००, म्हणजे ०.८७५.

येथे एक जागा अशी आहे की जिथे हुशार विद्यार्थीही फसतो. ९/१२५ घेतले तर दोघांना ८ ने गुणून ७२/१००० मिळते, आणि घाईत त्याचे ०.७२ लिहिले जाते. छेदात जितकी शून्ये तितके अंक दशांश चिन्हानंतर यायलाच हवेत. १००० मध्ये तीन शून्ये आहेत आणि ७२ मध्ये अंक दोनच आहेत, म्हणून डावीकडे एक शून्य घालून उत्तर ०.०७२ असे लिहावे लागते.

ही रीत कोठे लागू पडते, याचे उत्तर १० च्या अवयवांत आहे. १० = २ × ५, त्यामुळे १० च्या कोणत्याही घाताचे मूळ अवयव २ आणि ५ हेच असतात. अतिसंक्षिप्त रूपातील छेदाला २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तर दशांश रूप खंडित असते, म्हणजे कोठे तरी संपते. ३, ७, ११, १३ यांसारखा एखादा मूळ अवयव छेदात उरला असेल तर ते कधीच संपत नाही. संपणाऱ्या रूपात किती अंक येतील हेही मोजता येते. छेदाचे अवयव पाडून २ किती वेळा आणि ५ किती वेळा आला ते पाहावे, आणि त्यांतील मोठी संख्या घ्यावी. ४० = २ × २ × २ × ५, यात २ तीन वेळा आणि ५ एकदा आहे, म्हणून ज्या अपूर्णांकाचा अतिसंक्षिप्त छेद ४० असेल त्याच्या दशांश रूपात चिन्हानंतर बरोबर तीन अंक येतात. ७/४० = ०.१७५ हे करून पाहावे.

या नियमाचा एक मोठा पुरावा आपल्या चलनाच्या इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ पर्यंत भारतात एका रुपयाचे १६ आणे होते. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे १/१६ रुपया. १६ मध्ये २ हा अवयव चार वेळा येतो, म्हणून त्याचे दशांश रूप चार अंकी असते: १/१६ = ०.०६२५. पैशांत मात्र चिन्हानंतर दोनच स्थाने असतात. त्यामुळे एका आण्याचे ६.२५ पैसे होतात, जे नाण्यांत देता येत नाहीत. दोन आण्यांचे १२.५ होतात, तेही देता येत नाहीत. पूर्ण आण्यांपैकी चार आणे, आठ आणे आणि बारा आणे एवढेच पैशांत नेमके बसतात, कारण त्यांचा संक्षेप अनुक्रमे १/४, १/२ आणि ३/४ असा होतो आणि या छेदांना दोन दशांश स्थाने पुरतात. पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणण्याची रूढी पुढे इतकी वर्षे निर्धास्तपणे टिकली, तिच्या मागे हा हिशेब आहे.

मराठी माणसाच्या तोंडी असलेले काही अपूर्णांक तर दशांश रूपातही पाठच असावेत. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५ हे हिशेब न करता सांगता आले पाहिजेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पूर्वी शाळेत पाठ करून घेत असत, आणि ते सोडून दिल्याने आपले नुकसानच झाले असे मला वाटते. ज्याला पाऊणकी येते त्याला ०.७५ × १२ साठी कागद लागत नाही, कारण बारा पाऊणे नऊ हे तो पाढ्यातूनच म्हणतो. पावाचा निम्मा म्हणजे एक अष्टमांश, ०.१२५, हाही पाठ असावा. मग दीडपाव भाजी म्हणजे ३/८ किलो, ०.३७५ किलो, म्हणजेच ३७५ ग्रॅम, हे आपोआप निघते.

भागाकाराची रीत

छेद १० च्या घातात सहज बदलत नसेल, किंवा तसा गुणक शोधणेच लांबचे वाटत असेल, तर भागाकार करावा. ही रीत सर्व अपूर्णांकांना लागू पडते. ५/८ घेऊ. अंश ५ हा भाज्य आणि छेद ८ हा भाजक. ५ मध्ये ८ चा भाग जात नाही, म्हणून भागाकारात ० लिहून त्यापुढे दशांश चिन्ह द्यावे. आता ५ एककांचे ५० दशांश करावेत, म्हणजेच ५ पुढे शून्य घ्यावे. ८ × ६ = ४८, म्हणून भागाकारात ६ आणि बाकी २. या २ दशांशांचे २० शतांश होतात; ८ × २ = १६, भागाकारात २ आणि बाकी ४. त्यांचे ४० सहस्रांश होतात; ८ × ५ = ४०, भागाकारात ५ आणि बाकी शून्य. उत्तर ०.६२५. बाकीपुढे शून्य घेणे याचा अर्थ उरलेल्या भागांचे दहापट लहान भाग करणे असा आहे, आणि विद्यार्थ्याला तो शब्दांत सांगता आला पाहिजे. अर्थ कळला की शून्य कोठून येते हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

भागाकारात सर्वाधिक चुका शून्याच्या जागी होतात. ८१/१६ पाहावे. १६ × ५ = ८०, म्हणून पूर्णांक ५ आणि बाकी १. दशांश चिन्ह दिले आणि बाकीपुढे शून्य घेतले की १० होतात, पण १० मध्ये १६ चा भाग जात नाही. येथे भागाकारात ० लिहिलेच पाहिजे, आणि मगच दुसरे शून्य घेऊन १०० करावेत. १०० मधून ९६ वजा जाऊन ६ हा अंक आणि बाकी ४, पुढे ४० मधून ३२ जाऊन २ हा अंक आणि बाकी ८, शेवटी ८० मध्ये ५. उत्तर ५.०६२५. ते शून्य गाळले तर ५.६२५ येते, आणि चूक अर्ध्याहून अधिक एककाची होते. एका वेळी एकच शून्य घ्यावे आणि प्रत्येक शून्यामागे भागाकारात एक अंक लिहावा, मग तो अंक ० का असेना. एवढी शिस्त पाळली तर ही चूक होत नाही. छेदाचा नियमही येथे उपयोगी पडतो: १६ ला चार स्थाने हवीत, आणि ५.६२५ मध्ये तीनच आहेत, म्हणजे काही तरी राहिले आहे हे लगेच कळते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात पूर्णांक जसाच्या तसा ठेवून केवळ अपूर्णांकी भागाचे रूपांतर करावे. ३ पूर्णांक ३/४ म्हणजे ३.७५. तो ऋण असेल तर चिन्ह संपूर्ण संख्येला लागते, म्हणून उणे २ पूर्णांक ३/४ हे −२.७५ होते, −१.२५ नव्हे.

भागाकार संपत नाही तेव्हा

१/३ करू लागले की प्रत्येक वेळी बाकी १ उरते आणि प्रत्येक वेळी ३ हाच अंक येतो: ०.३३३… हे अखंड आवर्ती दशांश रूप. ज्या अंकाची किंवा अंकगटाची पुनरावृत्ती होते तो एकदाच लिहून एका अंकावर टिंब आणि गटावर आडवी रेघ देण्याची पद्धत आहे. येथे लक्ष अंकांवर नव्हे, बाक्यांवर ठेवावे, कारण पुनरावृत्तीचे कारण तेथे आहे. १/७ चा भागाकार करताना बाक्या क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात आणि अंक १, ४, २, ८, ५, ७ असे पडतात. शेवटची बाकी १ आली, म्हणजे आपण सुरुवातीला जेथे होतो तेथेच परत आलो, आणि पुढचे सारे अंक त्याच क्रमाने येणार हे ठरले: ०.१४२८५७१४२८५७…

कोणताही भागाकार एक तर संपतो किंवा आवर्ती होतोच, याची सिद्धताही याच निरीक्षणात आहे. ७ ने भागताना बाकी ७ पेक्षा लहानच असणार. ती शून्य आली तर काम संपले, आणि न आली तर १ ते ६ या सहाच बाक्या शक्य आहेत. सातव्या पायरीपर्यंत एखादी बाकी पुन्हा येणे अटळ आहे. म्हणून आवर्ती गटाची लांबी छेदापेक्षा किमान एकने कमी असते. ती नेहमी तितकी मोठी असेलच असे नाही: १/१३ = ०.०७६९२३… मध्ये गट सहाच अंकांचा आहे, तर १/१७ मध्ये तो पूर्ण सोळा अंकांचा आहे, ०.०५८८२३५२९४११७६४७ आणि मग पुन्हा तेच. हा सोळा अंकी भागाकार एकदा तरी कागदावर हाताने करावा, कारण शेवटी बाकी १ परत येताना पाहण्यात जो आनंद आहे तो गणकयंत्राच्या पडद्यावर मिळत नाही.

१/७ च्या गटात आणखी सौंदर्य आहे. २/७ = ०.२८५७१४…, ३/७ = ०.४२८५७१…, आणि पुढे ६/७ पर्यंत हेच सहा अंक त्याच फेऱ्यात येतात, फक्त सुरुवातीची जागा बदलते. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये १४२८५७ चा समावेश होतो: तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे, आणि त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली तर पुन्हा १४२८५७ च मिळते.

काही आवर्ती रूपे भागाकार न करताही लिहिता येतात. छेद ९, ९९ किंवा ९९९ असेल तर अंशातील अंक हाच आवर्ती गट होतो, मात्र छेदात जितके ९ तितके अंक गटात हवेत. ५/९ = ०.५५५…, २३/९९ = ०.२३२३…, आणि ७/९९ = ०.०७०७… छेद ११ असेल तर दोघांना ९ ने गुणून ९९ करता येतो, म्हणून ७/११ = ६३/९९ = ०.६३६३… छेद ३७ असेल तर २७ ने गुणून ९९९ मिळतात, म्हणून ७/३७ = १८९/९९९ = ०.१८९१८९…

छेदात २ किंवा ५ बरोबर दुसराही अवयव असेल तर आधी काही अंक येतात आणि मग पुनरावृत्ती सुरू होते. ५/१२ मध्ये १२ = २ × २ × ३ असल्यामुळे पहिले दोन अंक गटाबाहेरचे असतात आणि नंतर ६ ची पुनरावृत्ती होते: ०.४१६६६… येथे टिंब फक्त ६ वर द्यावे, ४१६ या साऱ्यावर रेघ ओढू नये, कारण तसे केल्यास ०.४१६४१६… ही वेगळीच संख्या लिहिली जाते.

बिंदू दिसला म्हणजे दशांश नव्हे

व्यवहारात या विषयाची खरी किंमत येथे कळते. एका एकराचे ४० गुंठे असतात. २ एकर १५ गुंठे जमीन कोणी घाईत ‘२.१५’ अशी टिपली, तर तो बिंदू केवळ दोन एकके वेगळी करणारा आहे. त्याला दशांश चिन्ह समजून गुणाकार केला की हिशेब कोसळतो. १५ गुंठे म्हणजे १५/४० = ३/८ एकर, म्हणून क्षेत्र २.३७५ एकर आहे. एकरी २० लाख रुपये भाव धरला तर खरी किंमत ४७ लाख ५० हजार होते, आणि २.१५ ने गुणले तर ती ४३ लाख येते. साडेचार लाखांचा फरक एका बिंदूमुळे पडतो. हेक्टर आणि आर यांत मात्र असा प्रश्न येत नाही, कारण १ हेक्टरचे १०० आर असतात आणि १ हेक्टर २५ आर हे आपोआपच १.२५ हेक्टर असते.

क्रिकेटच्या धावफलकावरचे १९.४ षटक हेही असेच. षटकात चेंडू सहा असतात, म्हणून ते १९ पूर्णांक ४/६, म्हणजे सुमारे १९.६६७ षटके होते. १६० धावांची सरासरी काढताना १९.६६७ ने भागले तर षटकामागे ८.१४ धावा मिळतात, आणि १९.४ ने भागले तर ८.२५ असे चुकीचे उत्तर येते. ५ फूट ७ इंच ही उंचीही ५.७ फूट नव्हे, तर ५ पूर्णांक ७/१२, म्हणजे सुमारे ५.५८ फूट आहे. आणि २ तास २० मिनिटे म्हणजे २.२० तास नसून २.३३३… तास आहेत. नियम एकच ठेवावा: मोठ्या एककात लहान एकके किती बसतात ती संख्या छेदाच्या जागी लिहावी, आणि मगच दशांश रूप काढावे.

किती अंक ठेवावेत आणि उत्तर कसे तपासावे

आवर्ती उत्तर लिहिताना कोठे तरी थांबावे लागते. ज्या स्थानापर्यंत उत्तर हवे त्याच्या पुढचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर आधीचा अंक एकने वाढवावा, अन्यथा तसाच ठेवावा. ५/७ दोन स्थळांपर्यंत ०.७१ आणि २/३ दोन स्थळांपर्यंत ०.६७. असे उत्तर लिहिताना बरोबरीच्या चिन्हाऐवजी ‘सुमारे’ हा शब्द वापरावा. महत्त्वाचे म्हणजे ही अंक-कपात शेवटच्या पायरीला करावी. ९०,००० रुपयांचे दोन तृतीयांश ६०,००० होतात, पण आधीच ०.६७ घेऊन गुणले तर ६०,३०० येतात. ज्या हिशेबात तिसरा, सातवा किंवा बारावा हिस्सा आहे तेथे शेवटपर्यंत व्यवहारी अपूर्णांकच वापरणे अधिक शहाणपणाचे आहे. याच कारणाने २२/७ आणि पाय (π, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर) यांची गल्लत करू नये: २२/७ = ३.१४२८५७… ही आवर्ती संख्या आहे, पाय ३.१४१५९… ही अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात नेमकी लिहिता न येणारी, आहे, आणि दोघी दुसऱ्या दशांश स्थानानंतरच वेगळ्या होतात.

तपासणीसाठी आधी अंदाज घ्यावा. अंश छेदाच्या निम्म्यापेक्षा मोठा असेल तर उत्तर ०.५ हून मोठे, लहान असेल तर लहान असलेच पाहिजे. ४/९ चे उत्तर ०.५ च्या पुढे आले तर अंश आणि छेद यांची जागा किंवा एखादा अंक चुकला आहे. नंतर आलेल्या उत्तराला छेदाने गुणून अंश परत मिळतो का ते पाहावे: ०.०३७५ × ८० = ३, म्हणून ३/८० = ०.०३७५ हे बरोबर. आवर्ती उत्तराला गुणून पाहताना अंशाच्या अगदी जवळची संख्या मिळेल, पण अंश नेमका मिळणार नाही, कारण आपण काही अंक सोडून दिलेले असतात. गणकयंत्रावर २ ÷ ३ चे उत्तर कधी ०.६६६६६६६७ असे दिसते. तो शेवटचा ७ यंत्राने अंक कापताना वाढवलेला असतो आणि तो आवर्ती गटाचा भाग मानू नये. अशा वेळी छेदात ३ आहे, म्हणजे रूप संपणारे नाही, हे आधीच पाहून ठेवलेले असले तर तो ७ कोठून आला हे लगेच ओळखता येते.